तिसरी वाटी

तह झाला तेव्हाच मनोहररावांना संशय यायला हवा होता. ज्या दोघी गेली दोन वर्षं एकमेकींशी फक्त हवामानावर बोलत होत्या, त्या अचानक फोनवर खिदळायला लागल्या, आणि हा माणूस नुसता खूश होऊन पेपरची घडी घालत बसला.

युद्ध डिशवॉशरवरून सुरू झालं होतं. मनोहरराव मुंडल्यांची लेक नेत्रा टेक्सासमधल्या अर्विंगहून भावाकडे, व्हर्जिनियातल्या हर्नडनला आली होती, आणि डिशवॉशरमधून निघालेली कढई तिने सिंकमध्ये पुन्हा घासली. आश्लेषाने, म्हणजे तिच्या वहिनीने, ते पाहिलं. बोलली काहीच नाही. निमिषने मात्र बायकोची बाजू घेऊन बहिणीला फोनवर चार शब्द सुनावले, नेत्राने दिवाळीचा फराळ पाठवायचा बंद केला, आणि जावई सत्यजित मॅच बघायला गेला तो अजून परत आलेला नव्हता.

मनोहरराव अलिप्त राहिले. नागपुरात शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेलं. अलिप्ततावादाची वैशिष्ट्ये लिहा, हा प्रश्न त्यांनी इतक्या वेळा काढला होता की शेवटी तो अंगातच मुरला. कुणीही गाऱ्हाणं घेऊन आलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "आपण बघू." मुलीला आपण, सुनेला आपण, भाडेकरूलाही आपण. त्यांची बायको, रत्नाबाई, ह्याला भिजत घोंगडं म्हणत.

"उभ्या जन्मात एकदा तरी कुणाची बाजू घ्या हो," त्या म्हणायच्या. "माझी नका घेऊ. पण कुणाची तरी."

"आपण बघू," मनोहरराव म्हणायचे.

एका बाबतीत मात्र त्यांची अलिप्तता खोटी होती. रत्नाबाईंचा डावा कान गेला होता. पूर्ण गेला होता. मुलांना कळलं तर आपल्याला म्हातारीत काढतील, आधी मशीन लावतील आणि मग सल्ले देतील, ह्या धास्तीने त्यांनी नवऱ्याला गळ्याची शपथ घातली होती. तेव्हापासून मनोहरराव कायम बायकोच्या उजव्या हाताला बसत, आणि समोरचा जे बोलेल ते हळूच पुन्हा बोलत. "म्हणजे तू म्हणतोयस, मीटिंग उशिरा संपली." सगळ्यांना वाटे, मास्तरकीची खोड आहे. मनोहरराव जवळ नसले की रत्नाबाई मान डोलावून "हो, हो" म्हणत. हर्नडनमध्ये त्यामुळे त्या फार समजूतदार सासू म्हणून प्रसिद्ध होत्या.

दोघं सप्टेंबरात नागपूरहून निमिषकडे आले होते, सहा महिन्यांसाठी. नेत्राला सातवा लागला तसं आश्लेषा स्वतःहून म्हणाली, डोहाळेजेवण आपल्याकडे करू या. आणि शुक्रवारी, बाहेर बर्फ पडत असताना, निमिष फोनवर कुणाला तरी सांगत होता, "आई डॅलसला, बाबा इथे. डन."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. घराजवळचा विमानतळ तो डलेस, आणि नेत्राच्या अर्विंगशेजारचं शहर ते डॅलस. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना मराठी माणसं इथे राहायला येतील अशी कल्पना नसावी. मनोहररावांनी ऐकलं, आई डलेसला. म्हणजे उद्या नेत्रा-सत्यजितला आणायला विमानतळावर रत्ना जाणार, आणि मी अदितीपाशी घरी थांबणार. गाडीत जागा कमी, सामान जास्त, ठीकच आहे. शनिवारी निमिष खरोखरच आईला घेऊन विमानतळावर गेला. मनोहररावांची खात्री पटली आणि ते वरणाला फोडणी द्यायला गेले.

रविवारी सकाळी अदिती त्यांच्यासमोर उभी राहिली. निमिषची ही मुलगी अकरा वर्षांची. तिला सोमवारी वर्गात पर्ल हार्बरवर बोलायचं होतं, आणि आजोबांसमोर सराव करायचा तर मराठीत, असा बापाचा नियम होता.

"सेव्हन्थ डिसेंबर, नाइन्टीन फॉर्टी वन," अदिती म्हणाली. "आजचीच डेट. तेव्हापण संडे होता. वॉर सुरू होतं, पण अमेरिका न्यूट्रल होती. मग जपानने आपल्यावर अटॅक केलं."

"केला. आणि आपल्यावर नाही, आमच्यावर."

"व्हॉट्स द डिफरन्स?"

मनोहररावांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "आपण म्हटलं की ऐकणारा आत आला. आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर. तू मला सांगतेयस. जपानने माझ्यावर बाँब टाकला का?"

"व्हेअर वेअर यू?"

"वर्ध्याला. पाळण्यात."

"ओके. सो, आमच्यावर. यू आर आउट."

"शाब्बास."

"इंग्लिशमध्ये फक्त वुई आहे."

"काटकसरी लोक आहेत," मनोहरराव म्हणाले. "पुढे."

"पण आम्ही खरे न्यूट्रल नव्हतो. आम्ही ब्रिटनला हेल्प करत होतो. शिप्स आणि स्टफ."

"तेवढं चालतं," मनोहरराव जरा घाईनेच म्हणाले.

"आणि गेस व्हॉट. दोन सोल्जर्सना रडारवर प्लेन्स दिसली होती. त्यांनी फोन केला. ऑफिसर म्हणाला, डोन्ट वरी अबाउट इट. त्याला वाटलं, आमचीच प्लेन्स येतायत."

"गाढव आहे," मनोहरराव म्हणाले. "अरे, निदान विचारायचं तरी, कुठून येतायत आणि कुठे चाललीत."

एवढं बोलून ते दाढी करायला गेले.

दुपारपर्यंत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून झाला आणि मराठी मंडळाच्या बायका आल्या. दारात बुटांचा खच पडला. नेत्रा हिरव्या साडीत, अंगभर फुलांचे दागिने घालून झोपाळ्याऐवजी रिक्लायनरवर बसली होती. फुलं कापडी होती. डिसेंबरात व्हर्जिनियात मोगरा कुठून आणणार? रेस्टनच्या पद्मिनीकाकूंनी डोहाळे म्हणायला सुरुवात केली आणि पुढचे शब्द कुणालाच येत नसल्यामुळे त्यांनी ते एकटीने संपवले. पुरुषमंडळी पलीकडे फॅमिली रूममध्ये फुटबॉल बघत बसली होती. दोन्ही खोल्यांच्या मध्ये नुसती एक कमान होती. मनोहररावांना पुरुषांत बसवलं होतं. तिथून त्यांना रत्नाबाई दिसत होत्या, आणि त्यांच्या डाव्या हाताला बसलेली आश्लेषाही दिसत होती. आश्लेषा कानाशी लागून काहीतरी सांगत होती. रत्नाबाई मान डोलावत होत्या. मनोहररावांचा जीव खालीवर होत होता, पण उठून बायकांत जाऊन बसायचं तर कारण काय सांगणार?

मग वाट्या आल्या. दोन वाट्या, वर झाकण. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मुलगी आहे हे डॉक्टरने केव्हाच सांगितलं होतं आणि नेत्राने ते सगळ्यांना सांगितलं होतं. तरी बर्फी निघाल्यावर बायकांनी मनापासून आश्चर्य केलं.

"आता तिसरी वाटी," आश्लेषा म्हणाली. "ही आईंनी उघडायची."

तिसरी वाटी कुणीच कधी पाहिलेली नव्हती. रत्नाबाईंनी हसत झाकण उचललं. आत घडी घातलेला कागद होता. त्यांनी तो उलगडला, चष्मा वर-खाली केला, आणि त्यांचं हसू होतं तिथेच राहिलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"तिकीट आहे," नेत्रा म्हणाली. "आई जानेवारीत माझ्याकडे येणार. वहिनीची आयडिया. बाबा इथे राहतील. वहिनीला नव्या जॉबवर रोज जावं लागणार ना, मग अदितीची बस बाबा बघतील. आम्ही सगळं वर्कआउट केलंय."

आम्ही. मनोहररावांच्या कानात तो शब्द अडकला. दोन वर्षांत ह्या दोघींना मिळून एक सर्वनाम नव्हतं. आज मिळालं होतं, आणि ऐकणारा बाहेर होता. दोन शत्रूंनी तह केला होता आणि तहात मधलं राष्ट्र अर्धं अर्धं वाटून घेतलं होतं. आई डॅलसला, बाबा इथे. डन.

आणि मी वरणाला फोडणी देत होतो, मनोहररावांच्या मनात आलं.

ते उठले, कमान ओलांडून बायकांमधून वाट काढत गेले, आणि रत्नाबाईंच्या उजव्या हाताला जाऊन उभे राहिले. कागद हातात घेतला. डलेस ते डॅलस. खाली एकच नाव. मिसेस रत्ना मुंडले.

"आईला विचारलंय मी," निमिष कमानीतून म्हणाला. बापाचा चेहरा बघून त्याला एवढं सांगावंसं वाटलं. "काल गाडीत, एअरपोर्टला जाताना. ती लगेच हो म्हणाली."

म्हणाली असणारच. नागपुरात ड्रायव्हर उजवीकडे बसतो. अमेरिकेत डावीकडे बसतो. रत्ना काल चाळीस मैलांच्या वेगाने बर्फातून चालली होती, तिच्या मेल्या कानात मुलगा तिची वाटणी करत होता, आणि ती बिचारी हो, हो म्हणत होती. मनोहररावांनी बायकोकडे पाहिलं. रत्नाबाई घाबरल्या होत्या. त्यांना आता सगळं कळलं होतं. लेकीच्या घरी त्या एकट्या असणार, सत्यजित ऑफिसात, नेत्रा दमून झोपलेली, आणि बाळ पलीकडच्या खोलीत रडत असणार. वाटीचं झाकण अजून त्यांच्या हातातच होतं.

एक वाक्य बोललं असतं तरी काम झालं असतं. पण शपथ घातलेली होती.

"नाही," मनोहरराव म्हणाले.

त्यांच्या तोंडून हा शब्द कुणी ऐकलेला नसल्यामुळे त्यांना ठसका लागला असं समजून निमिष पाणी घेऊन आला.

"पाणी नको. नाही म्हणतोय मी. आम्ही वेगवेगळे राहणार नाही."

"आम्ही म्हणजे कोण?" नेत्राने विचारलं.

"मी आणि ही."

खाली गालिच्यावर बसलेल्या अदितीने मान वर केली. "आजोबा सेड आम्ही," ती आईला म्हणाली. "दॅट मीन्स वुई आर आउट."

"तू गप्प बस," आश्लेषा म्हणाली, आणि मग सासऱ्यांकडे वळून, "बाबा, इथे तुम्हाला काही कमी पडतंय का?"

"काही नाही, आश्लेषा. तू खूप करतेस."

"मग दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे," नेत्रा म्हणाली. "वहिनी तुम्हाला डबा भरून ठेवेल. ऑलरेडी बोललोय आम्ही. चहा तुमचा तुम्हाला येतो."

"येतो."

"बाबा, प्लीज," निमिष हळू आवाजात म्हणाला. "लोक आहेत."

लोकांनी ताटात लक्ष घातलं होतं. पद्मिनीकाकू मसालेभातातली मिरी शोधून शोधून बाजूला काढत होत्या.

नेत्रा रिक्लायनरवर पुढे सरकली. तिचा कापडी बाजूबंद निसटून कोपरावर आला. "मला एवढंच सांगा. निमिषदादा मला फोनवर नाही नाही ते बोलला, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? आपण बघू. मी रडत होते, बाबा. तुम्ही तेव्हा एक शब्द बोलला नाहीत. वहिनीच्या बाजूने नाही, माझ्या बाजूने नाही. आणि आज मला आई हवीय, तर आज तुम्हाला बोलायचं सुचलं?"

हे मनोहररावांना लागलं. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं.

"खरं आहे तुझं," ते म्हणाले. "तेव्हा बोलायला हवं होतं."

"मग आता का?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. पलीकडे टीव्हीवर कुणीतरी टचडाऊन केला तरी सत्यजितने तिकडे पाहिलं नाही. मनोहररावांचे कान तापले. काहीतरी कारण द्यायला हवं होतं, आणि खरं कारण त्यांचं नव्हतं. त्यांनी स्वतःजवळ काय आहे ते चाचपलं. जे सापडलं तेही खोटं नव्हतं, फक्त आजवर कधी बाहेर काढलेलं नव्हतं.

"मला हिच्याशिवाय जमत नाही," ते म्हणाले. "हातपाय धड आहेत, चहा येतो, बसस्टॉप माहीत आहे. पण जमत नाही. म्हणून आम्ही दोघं राहू तिथे बरोबर राहू."

मुंडल्यांच्या घरात असली भाषा कुणी करत नसे. निमिषने पाण्याचा ग्लास स्वतःच पिऊन टाकला.

रत्नाबाईंनी मान वर केली. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "नीट नाही ऐकू आलं."

तीन वर्षं मनोहरराव दुसऱ्यांची वाक्यं पुन्हा म्हणत आले होते. शेजाऱ्यांची, डॉक्टरांची, भाजीवाल्याची, सुनेची. त्यात कधी लाज वाटली नव्हती, कारण वाक्य आपलं नसायचं. आता ते आपलं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि मागच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाले,

"मला तुझ्याशिवाय जमत नाही. आपण दोघं बरोबर राहायचं."

जन्मभर त्यांनी हा शब्द सगळ्यांना वाटून वाटून पातळ केला होता. आज त्यात दोनच माणसं होती, आणि दोन्ही त्यांना पुरत होती.

रत्नाबाईंनी झाकण वाटीवर ठेवलं. पदर सारखा केला.

"नेत्रा, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "अजिबात नाही. उजव्या कुशीवर झोप लागली की बाळ रडलं तरी मला कळायचं नाही. ह्यांना कळतं, ते मला सांगतात. मीच शपथ घातली होती, म्हणून हे बोलले नाहीत. आत्तासुद्धा नाही बोलले. बसले आपल्या अंगावर घेत."

स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह खीर गरम झाल्याचं सांगत राहिला.

नेत्राचा चेहरा वेडावाकडा झाला. ती हातांचा आधार घेत उठली आणि आईच्या शेजारी जाऊन बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं, ही डावी बाजू आहे. ती पुन्हा उठली, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत वळसा घालून पलीकडे गेली. मनोहररावांनी तिला जागा करून दिली.

"आई, सांगायचंस ना गं," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

"सांगितलं ना आता."

"पण आई," आश्लेषा म्हणाली. तिला काहीतरी आठवून घाम फुटला होता. "मी रोज स्वयंपाकघरात बडबडत असते. नेत्राबद्दल, निमिषबद्दल. ते सगळं तुम्ही..."

"निम्मंच ऐकू येतं," रत्नाबाई म्हणाल्या. "म्हणून तर आपलं जमतं."

पद्मिनीकाकू प्रथम हसल्या. मग बाकीच्यांना परवानगी मिळाल्यासारखं झालं.

सत्यजित कमानीत येऊन उभा राहिला. दोन वर्षांत कौटुंबिक प्रश्नावर तो पहिल्यांदाच बोलत होता, त्यामुळे सगळे थांबले. "बाबांचं पण तिकीट काढतो," तो म्हणाला. "त्याच फ्लाइटचं." आणि तो मॅचकडे परत गेला. मनोहररावांना जावयाविषयी पूर्वी कधी वाटलं नव्हतं इतकं प्रेम वाटलं.

"मग अदितीची बस?" आश्लेषाने विचारलं. सासऱ्यांना नाही, नवऱ्याला. "निमिष, तू फ्लेक्स टाइम घे, ऑफिसला उशिरा जा."

"मी? माझं सॉफ्टवेअर रिलीज आहे जानेवारीत."

"आणि माझा नवा जॉब आहे."

"दादा, वहिनी बरोबर बोलतेय," नेत्रा डोळे पुसत म्हणाली.

निमिषने आशेने बापाकडे पाहिलं. गेली कित्येक वर्षं अशा वेळी तिथून "आपण बघू" येत असे, आणि प्रश्न सोयीस्करपणे लांबणीवर पडत असे.

"घे फ्लेक्स टाइम," मनोहरराव म्हणाले.

बायका गेल्या, नेत्रा आडवी झाली, निमिष फावडं घेऊन बाहेर गेला. बर्फ उपसून झालेला होता, पण तो गेला. स्वयंपाकघरात दोघंच राहिले. रत्नाबाईंनी डिशवॉशरमधून खिरीची कढई बाहेर काढली, उजेडात धरली आणि तळाला बोट लावून पाहिलं.

"काय वाटतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "स्वच्छ निघालीय का?"

मनोहररावांनी कढई पाहिली. दाराकडे पाहिलं. आश्लेषा जिन्यावर कुठेतरी होती.

"नाही निघाली," ते म्हणाले, आणि बाह्या वर करून सिंकपाशी उभे राहिले.

रत्नाबाई शेजारी फडकं घेऊन उभ्या राहिल्या. मनोहररावांनी कढईला घासणी लावली. बराच वेळ ते एकाच जागी घासत होते.

"रत्ना, मघाशी मी तुझ्या कुठल्या बाजूला होतो?"

"उजव्या."

"मग पहिल्या वेळीच ऐकू आलं असेल."

"आलं ना," रत्नाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातातली कढई पुसायला घेतली. "दोन्ही वेळा आलं."